लोखंडाला न चिकटणारं चुंबक

आज भट्टी 820 अंशांवर असतानाच लाइन गेली. तालुक्याच्या कॉलेजात यात नवल नाही. बिस्मथ फेराइटची (बिस्मथ, लोह आणि ऑक्सिजनच्या संयुगाची) गोळी आतच. प्रयोगशाळेतले काका म्हणाले, "सर, हे नेमकं काय भाजून राहिले तुम्ही?"

मग काय, बसलो सांगत. काही पदार्थांत धन-ऋण भार आपसूकच जरासे सरकलेले असतात आणि बाहेरून वीज लावली की त्यांची दिशा उलटते. काहींत अणूंची इवली चुंबकं शिस्तीत लागलेली असतात. दोन्ही गुण एकत्र क्वचितच सापडतात. बेरियम टायटनेटसारख्या पहिल्या प्रकारात भार सरकायला टायटॅनियमची डी-कक्षा (अणूतली इलेक्ट्रॉनांची एक जागा) रिकामी लागते. चुंबकत्वाला मात्र ती अर्धवट भरलेली हवी. ही अडचण पदार्थवैज्ञानिक निकोला हिल (आताच्या स्पाल्डिन) यांनी 2000 साली नीट मांडली. बिस्मथ फेराइटनं कामं वाटून घेतलीत, एक भाऊ वावर पाहतो, दुसरा दुकान: भार सरकवतो बिस्मथ, चुंबकत्व लोहाचं. आणि चुंबकी शिस्त टिकते जवळपास 370 अंशांपर्यंत, म्हणजे आपल्या मे महिन्याची काही मिजास नाही!

"मंग लोखंडाले चिकटते का?"

नाही. शेजारशेजारची चुंबकं उलटसुलट, एकमेकांना खोडून काढतात.

"मंग काय कामाचं बाप्पा?"

प्रश्न रास्त होता. विजेनं चुंबकी दिशा फिरवता आली तर कमी विजेवर चालणारी मेमरी बनेल, म्हणून जगभर खटाटोप चाललाय. पण गोळीतून वीज गळते, हीच मोठी डोकेदुखी. शिवाय तापवताना बिस्मथ उडून जातो, म्हणून मी तो आधीच थोडा जास्त घालतो. किती उरला, ते एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या चाचणीत) थोडंफार कळेल. नमुना नागपूरला पाठवायचाय, कोणी जाणार असेल तर सांगा.