आमची वाटचाल : गाईडांपासून गोष्टींच्या पेट्यांपर्यंत

२०१० साली चिपळुणात दुकान टाकलं ते वह्या-गाईडांचं. त्याच वर्षी १ एप्रिलला शिक्षणहक्क कायदा लागू झाला. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं त्यात लिहिलेलं. आम्हाला त्यात धंदा दिसला, खोटं कशाला बोला! राजा-राणी, पऱ्या असले संच गुहागर-दापोलीकडच्या शाळांना खपवले. वर्षभराने एका शाळेत डोकावलो, तर संच कपाटात कुलूपबंद, पानं एकमेकांना चिकटलेली. आपल्या दमट हवेत न हाताळलेलं पुस्तक टिकतंय कसलं!

तिथल्या बाईंनीच कान उपटले. "यात माझ्या पोरांच्या घरचं कोण आहे, सांगा." त्यांच्या वर्गात कोळ्यांची, मासेमारी करणाऱ्या दालदी मुसलमानांची मुलं, आईबाप मुंबईला म्हणून आजीकडे राहणारी दोघं आणि आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळ्याची मुलगी. मग तशा गोष्टी शोधत फिरलो. मराठीत त्या कमीच. फ्लॅटमधली पोरं मात्र हवी तेवढी.

पोटासाठी गाव सोडलेल्या घरातल्या, नव्या शाळेत भाषा न कळून गप्प बसणाऱ्या मुलाची एक गोष्ट मिळाली. बाई ती वाचत होत्या, मी मागे बसलेलो. मध्येच ती नेपाळी मुलगी म्हणाली, "आमच्यात मासा नाही, माछा." पोरं हसली. मग एकाने विचारलं, "आणि आईला?" "आमा." पुढची दहा मिनिटं गोष्ट बाजूलाच राहिली. बाईंनी तात्पर्य विचारलं नाही, हे फार बरं केलं.

अमेरिकेतल्या प्राध्यापिका रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये लिहिलं होतं की पुस्तक मुलाला आरसाही असावं आणि खिडकीही. मी ते फार उशिरा वाचलं. त्या दिवशी एकच पुस्तक तिला आरसा झालं, बाकीच्यांना खिडकी.

तेव्हापासून संच विकणं सोडलं. गोष्टींच्या पुस्तकांच्या पेट्या करतो, शाळाशाळांत फिरवतो. २२ जुलै २०२१ ला पुरात वाशिष्ठी नदी दुकानात शिरली, होतं नव्हतं चिखलात गेलं. कोरोनात बंद पडलेल्या शाळांत अडकलेल्या पेट्या तेवढ्या वाचल्या. त्यांवरच पुन्हा उभे राहिलो.

आंबा संपला तशी ती मुलगी घरच्यांबरोबर गावी गेली. ते पुस्तकही गेलं. आमच्या वहीत ते अजून 'येणे'च आहे.