चौथ्या पटावर जिंकणारा देश: येरेवान, त्साघ्काद्झोर, जेर्मुक

आर्मेनियाची राजधानी येरेवान, तिथल्या टूर गाइडांचं एक वाक्य ठरलेलं असतं: आमच्याकडे बुद्धिबळ शाळेत सक्तीचं आहे, म्हणून तर एवढासा देश ऑलिम्पियाड, म्हणजे देशांच्या संघांची बुद्धिबळ स्पर्धा, जिंकतो. बसमधली मंडळी माना डोलावतात आणि बस पुढे निघते. ऐकायला गोड आहे, पण तारखा उलट्या लागतात. आर्मेनियाने ऑलिम्पियाडची सुवर्णपदकं मिळवली 2006 मध्ये तुरीनला, 2008 मध्ये ड्रेस्डेनला आणि 2012 मध्ये इस्तंबूलला. दुसरी ते चौथीच्या वर्गांना आठवड्याला दोन तास बुद्धिबळ सक्तीचं झालं 2011 साली. तुरीनचा संघ त्या बाकांवर कधी बसलाच नाही. खरा क्रम असा की पदकं आधी आली आणि त्यांच्या जोरावर विषय शाळेत शिरला. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष असलेले सर्झ सार्गस्यान हेच देशाच्या बुद्धिबळ संघटनेचेही अध्यक्ष होते, त्यामुळे फाइल कुठे अडून राहण्याचा प्रश्नच नव्हता. ग्रँडमास्टर स्म्बात ल्पुतियन यांची अकादमी तर 2002 पासून चालू होती.

मग तीसेक लाख वस्तीचा, म्हणजे एका पुणे शहराएवढा देश जिंकतो कसा? गार्नी, गेगार्द आणि सेवान सरोवर बघून होतात. सुंदर आहेत, गर्दी आहे, त्यावर मराठीतही भरपूर लिहिलेलं आहे. मला बोलायचं आहे ते खांज्यान रस्त्यावरच्या चेस हाउसबद्दल.

1970 साली बांधलेली ही त्रिकोणी इमारत सोव्हिएत काळातल्या इतर सरकारी इमारतींपेक्षा बरी दिसते, एवढंच तिचं कौतुक. टूरच्या बसेस इथे थांबत नाहीत, ही त्यातली सोय. इमारतीला तिग्रान पेट्रोसियनचं नाव आहे आणि बाहेर त्याचा पुतळा आहे. तो जन्माने तिबिलिसीचा. आईवडील लवकर गेले, पोरवयात झाडूकाम करून दिवस काढले. 1946 मध्ये तो येरेवानला आला आणि 1963 मध्ये मॉस्कोत बॉट्विनिकला साडेबारा–साडेनऊ असं हरवून जगज्जेता झाला. त्या सामन्याच्या वेळी इथल्या ऑपेरासमोरच्या चौकात मोठे प्रात्यक्षिक-पट लावले होते आणि मॉस्कोहून येणारी प्रत्येक चाल त्यावर लागेपर्यंत माणसं उभी राहायची. आज त्या चौकात मुलं स्केटिंग करतात आणि कॉफी महाग मिळते. 2018 पासून 2000 द्रामच्या नोटेवर पेट्रोसियन आहे. टॅक्सीचे पैसे बुद्धिबळपटूच्या चेहऱ्याने चुकते करायचे, हे मला फार आवडलं.

पुतळ्यासमोर फोटो काढून निघायचं असेल तर इथे येण्यात अर्थ नाही. येण्याआधी त्याचे दोन डाव पटावर लावून पाहावेत. पहिला झुरिच 1953 मधला, समोर रेशेव्हस्की. पांढऱ्याची मधली प्यादी जोडीने पुढे सरकायला टपलेली आहेत, काळ्याची मोहरी कोंडली आहेत. अशा वेळी पेट्रोसियन पंचविसाव्या चालीला हत्ती ई-6 घरात नेऊन ठेवतो, सरळ पांढऱ्या उंटाच्या तोंडी. धमकी नाही, शह नाही. हिशोबाने हत्ती पाच गुणांचा आणि उंट तीन गुणांचा, म्हणजे दोन गुण पाण्यात. मग केलं कशासाठी? त्याचा घोडा सी-6 घरात रिकामा बसला होता आणि त्याला ई-7 वरून डी-5 घरात पोचायचं होतं. डी-5 ला घोडा बसला की पांढऱ्याची प्यादी जागच्या जागी थिजतात. त्यात उंटाने हत्ती मारला की काळ्याचं एफ-प्यादं ई-6 वर येतं आणि घोड्याला खालून आधार देतं. पुढे हत्ती असूनही पांढऱ्याला तो घुसवायला वाट सापडली नाही, डाव बरोबरीत सुटला.

हा बळी नवशिके उचलतात आणि तोंडावर पडतात. कारण ते हत्ती देऊन हल्ला शोधतात. पेट्रोसियनच्या बळीला तीन अटी लागतात: घोड्याला असं घर हवं जिथून त्याला प्याद्याने हाकलता येणार नाही, समोरच्या हत्तींसाठी मोकळी रांग नको, आणि दिलेल्या हत्तीच्या बदल्यात आलेला शत्रूचा उंट म्हणजे त्या रंगाच्या घरांवरचा त्याचा पहारेकरी असावा. यातली एक अट जरी सुटली तरी दोन गुण खरोखरच पाण्यात जातात.

दुसरा डाव 1966 च्या जगज्जेतेपदाचा, स्पास्कीविरुद्धचा दहावा. त्यात तो हत्तींचे असे दोन बळी देतो आणि तिसाव्या चालीला वजीर एच-8 वर टाकून शह देतो. राजाने वजीर मारला की घोडा एफ-7 वर शह देत जी-5 वरच्या वजिरावरही चाल करतो. स्पास्कीने तिथेच डाव सोडला.

पण पेट्रोसियनचा मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा जगज्जेतेपदाचा नाही. सोव्हिएत संघाकडून तो दहा ऑलिम्पियाड खेळला, एकूण 129 डाव. हरला एकच, 1972 मध्ये स्कोप्येला ह्यूबनरविरुद्ध, तोही घड्याळावर, म्हणजे वेळ संपून. संघाला असाच माणूस लागतो. तो रोज जिंकला नाही तरी चालतं. तो हरत नाही, म्हणून बाकीचे तिघे धोका पत्करू शकतात.

ऑलिम्पियाडचा सामना चार पटांचा असतो. एका संघाला पहिल्या आणि तिसऱ्या पटावर पांढरी मोहरी मिळाली तर दुसऱ्या-चौथ्यावर काळी. 2008 पासून क्रमवारी सामन्याच्या गुणांवर लागते: सामना जिंकला की दोन, बरोबरीत एक. 4–0 ने जिंका की अडीच–दीडने, गुण दोनच. म्हणजे तीन पटांवर बरोबरी धरून ठेवायची आणि एका पटावर पिळत बसायचं, एवढ्यात काम होतं. ही पद्धत आर्मेनियासाठीच शिवून घेतल्यासारखी आहे. 2008 ची शेवटची फेरी: चीनवर अडीच–दीड. 2012 ची शेवटची फेरी: हंगेरीवर अडीच–दीड. 2022 मध्ये चेन्नईजवळच्या मामल्लपुरमला: स्पेनवर अडीच–दीड. तिन्ही वेळा संघाचे एकूण गुण 22 पैकी 19. दोनदा सोनं, एकदा रौप्य.

रौप्य का, याचं उत्तरही याच सवयीत आहे. 2022 मध्ये उझबेकिस्तानचेही 19 च होते. गुण सारखे झाले की पुढचं गणित असं: ज्या-ज्या संघाशी खेळलात त्याचे सामना-गुण, गुणिले त्याच्याविरुद्ध तुम्ही पटांवर मिळवलेले गुण, आणि सर्वांत कमी गुणांचा प्रतिस्पर्धी वगळून सगळ्याची बेरीज. या बेरजेत तगड्या संघावरचा साडेतीन–अर्धा असा विजय अडीच–दीडपेक्षा पुष्कळ जड पडतो. 2012 मध्ये रशियाशी 19–19 अशी बरोबरी झाली तेव्हा हेच गणित आर्मेनियाच्या बाजूने लागलं होतं. दरवेळी लागत नाही.

गाइडांचं दुसरं आवडतं नाव लेव्होन अरोनियन. ते योग्यच आहे. 2005 आणि 2017 चा विश्वचषक, 2014 मध्ये 2830 रेटिंग, तिन्ही सुवर्णांत पहिला पट. पण 2021 मध्ये त्याने अमेरिकेकडून खेळायचं जाहीर केलं आणि चेन्नईला तो त्याच संघात होता. बहुतेकांनी आर्मेनियाला तेव्हाच मोडीत काढलं होतं. मानांकन बारावं, पहिल्या पटावर गाब्रिएल सार्गिस्यान, आणि तरी रौप्य! माझ्या मते या देशाचं बुद्धिबळ समजून घ्यायचं तर पेट्रोसियननंतर थेट सार्गिस्यानकडे यावं. 2006 ला तो चौथ्या पटावर होता. 2008 ला होता, 2012 ला होता, आणि 2022 ला पहिल्या पटावर. चारही पदकांत असलेला तो एकटाच. चेस हाउसबाहेर त्याचं साधं चित्रही दिसलं नाही, स्मरणवस्तूंच्या दुकानात तर नाहीच.

चेन्नईचा तो सहाव्या फेरीतला सामना आपल्याकडच्यांना आठवत असेल. पहिल्या पटावर गुकेशने सार्गिस्यानला हरवलं, आपण टाळ्या वाजवल्या, आणि भारताचा ब संघ सामना दीड–अडीचने हरला. निहालची बरोबरी, अधिबन आणि नागपूरचा रौनक साधवानी दोघे खालच्या पटांवर पडले. त्या स्पर्धेतला त्या संघाचा तो पहिला पराभव. उलट 2024 मध्ये बुडापेस्टला महिलांच्या सामन्यात भारताने आर्मेनियाला त्यांच्याच मापाने मारलं: तीन बरोबऱ्या आणि नागपूरच्याच दिव्या देशमुखचा एलिना दानिएल्यानवर विजय. अडीच–दीड. दानिएल्यान ही 2003 मध्ये युरोपीय सांघिक विजेतेपद मिळवणाऱ्या संघातली, हेही लक्षात घ्या.

म्हणून संकेतस्थळावर निकाल बघताना पहिला पट आधी उघडू नये, चौथ्यापासून वर जावं. चौथ्या पटावर काळ्या मोहऱ्यांनी पंचेचाळीस चाली होऊनही आर्मेनियन खेळाडू बरोबरीत असेल तर सामना त्यांच्या हातात आहे असं समजा.

एक उल्लेख राहून जाऊ नये. तुरीनला तिसऱ्या पटावर खेळलेला कारेन असर्यान जून 2008 मध्ये अवघ्या 28 व्या वर्षी गेला. नोव्हेंबरमधलं ड्रेस्डेनचं सुवर्ण संघाने त्याला अर्पण केलं.

चेस हाउसपासून वेर्निसाझ बाजार चालत जाण्याएवढा जवळ आहे. तिथे अक्रोडाच्या लाकडाचे पट ढिगाने मिळतात आणि नव्वद टक्के लोक चुकीचा घेतात. स्पर्धेचा राजा साडेनऊ सेंटिमीटर उंच आणि घर पाच ते सहा सेंटिमीटरचं असतं. मोजपट्टी नसेल तर एका घरात चार प्यादी ठेवून पाहा. नीट मावली तर माप बरोबर, बाहेर सांडली तर पट लहान आहे. कोरीव सोंगट्यांत उंट आणि वजीर लांबून सारखेच दिसतात, त्यावर घड्याळ लावून खेळणं अशक्य. घडीच्या पटात बिजागरीजवळ दोन्ही अर्ध्यांची घरं एका रेषेत आहेत का ते बोट फिरवून तपासा. आत नार्दीचा, म्हणजे बॅकगॅमनचा, पट असलेली पेटी घ्यायला हरकत नाही, उद्यानातले म्हातारे बुद्धिबळाइतकीच नार्दीही खेळतात, पण त्या पेटीतली बुद्धिबळाची मोहरी बहुधा हलकी असतात. तळाशी वजन आणि बनात नसेल तर ती झटपट डावात सारखी पडतात. भाव करताना कॉफी पाजतील. ती प्यावी, आणि तरी भाव करावा. इथला पाहुणचार खरा आहे, फक्त तो बिलात कुठे मिसळतो ते कळत नाही.

त्साघ्काद्झोर येरेवानपासून साधारण 50 किलोमीटर. 2015 ची जागतिक सांघिक स्पर्धा इथे झाली: चीन, युक्रेन, आर्मेनिया असा क्रम लागला. 2011 मध्ये निंग्बोला आर्मेनियाने हीच स्पर्धा जिंकली होती. स्पर्धा नसताना हे फक्त स्कीइंगचं गाव आहे, रोपवे सोडला तर बघण्यासारखं फारसं नाही, आणि हॉटेलं स्वतःला आल्प्समध्ये समजून दर लावतात.

जेर्मुकबद्दल माझं मत वेगळं आहे. अंतर सुमारे 170 किलोमीटर, उंची 2000 मीटरच्या वर, वाटेत नोरावांकचा जुना मठ. 2009 ची बुद्धिबळाची ग्रां प्री इथे झाली आणि इव्हान्चुकने जिंकली. हल्ली स्तेपान अवाग्यान स्मृती स्पर्धा होते, 2024 ला ती आपल्या अर्जुन एरिगैसीने घेतली. दहा खेळाडू, नऊ फेऱ्या, सगळे सगळ्यांशी. खनिज पाण्याच्या गॅलरीत वेगवेगळ्या तापमानाचं पाणी दगडी कुंडांतून वाहतं, चव खारट आणि लोखंडी. लोक पेले भरभरून पितात. दोन घोटांवर थांबलेलं बरं. खरी मजा स्पर्धेच्या दिवसांत आहे, कारण गाव लहान, एकच मुख्य रस्ता, आणि जो माणूस दुपारी पाच तास हत्तींच्या अंत्यडावात अडकलेला होता तोच संध्याकाळी शेजारच्या टेबलावर लवाश, म्हणजे पातळ रोटी, आणि तान, म्हणजे आपलं खारं ताक, घेऊन बसलेला दिसतो. मात्र स्पर्धेच्या तारखा जाहीर झाल्याशिवाय खोली घेऊ नका. एरवी इथे सेनेटोरियममध्ये गुडघे शेकायला आलेले लोक असतात आणि जेवणाची वेळ चुकली तर स्वयंपाकघर बंद.