रात्री काही खाल्लं नाही, मग सकाळी साखर 210 कशी?

टाइप 1 मधुमेह असलेल्या पोराची सकाळची साखर 210 दिसली की घरात पहिला प्रश्न ठरलेला: "रात्री काय खाल्लंस?" पोरगं शपथेवर सांगतं, आठनंतर पाणी सोडून काही नाही. बहुतेक वेळा ते खरंच बोलत असतं. ही साखर त्याच्या लिव्हरने सोडलेली असते.

मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये साधारण 80 ते 100 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. स्नायूंत याहून कितीतरी जास्त साठा असतो, पण तो स्नायूंनाच वापरता येतो. रक्तात परत सोडायचं काम लिव्हरचं. उपाशीपोटी 60 किलोच्या माणसाचं लिव्हर तासाला 7 ग्रॅमच्या आसपास साखर सोडतं. आठ तासांच्या झोपेत झाली 55-60 ग्रॅम, म्हणजे दीड-पावणेदोन ज्वारीच्या भाकरींइतकी. सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साखर असते जेमतेम एक चमचा, 4-5 ग्रॅम. त्यामुळे लिव्हरचा हात थोडा जरी सैल सुटला तरी मीटरवर आकडा चढतो.

हा हात आवरतं ते इन्सुलिन. निरोगी माणसात स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी थेट लिव्हरमध्ये जातं, निम्म्याच्या आसपास तिथेच खर्च होतं आणि उरलेलं बाकी अंगाला मिळतं. टाइप 1 मध्ये शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, ते बाहेरून टोचावं लागतं. आपण टोचतो पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, म्हणजे ते आधी सगळ्या अंगभर फिरतं आणि लिव्हरच्या वाट्याला पातळ होऊन येतं. त्यात टाइप 1 मध्ये ग्लुकागॉनचं, म्हणजे लिव्हरला साखर सोडायला लावणाऱ्या हॉर्मोनचं, गणितही बिघडतं. जेवणानंतर ते कमी व्हायला हवं, तर उलट वाढतं. आणि काही वर्षांनी, साखर खाली जाताना धावून यायला हवं तेव्हा ते येत नाही.

म्हणून बेसल, म्हणजे लांब चालणारं इन्सुलिन, हे मुख्यतः लिव्हरला आवर घालण्यासाठी असतं असं समजायला हरकत नाही. पहाटे तीन-चारपासून ग्रोथ हॉर्मोन आणि कॉर्टिसोल चढतात, लिव्हर जास्त साखर सोडतं. वयात येणाऱ्या मुलांत हे फार. त्याच वेळी इन्सुलिन ओसरत असेल तर सकाळी दोनशे ठरलेले. रात्रीच्या जेवणाआधी 30/70 (जेवणाचं आणि लांब चालणारं एकत्र मिसळलेलं इन्सुलिन) घेणाऱ्यांचं नेमकं हेच होतं: त्यातल्या लांब भागाचा जोर मध्यरात्रीच्या सुमारास येतो आणि पहाटे, गरज असते तेव्हा, तो विरलेला असतो. मग आई-वडील रात्रीचा डोस वाढवतात आणि पोराची साखर रात्री एक वाजता पडते.

डोसला हात लावण्याआधी एक रात्र तपासायची. जेवण संध्याकाळी सातला, साधं: भाकरी, भाजी, आमटी. मटण नाही, तळलेलं नाही, जेवणानंतर दूध नाही. जेवणाच्या जलद इन्सुलिनचा असर साधारण चार तासांत संपतो, म्हणून मोजायचं रात्री 11, पहाटे 3 आणि सकाळी 7 ला. तिन्ही आकड्यांत 30 च्या आत फरक असेल तर बेसल बरोबर आहे. 11 पासूनच चढत गेली तर बेसल कमी पडतंय. तीनपर्यंत सपाट आणि मग चढ, हा पहाटेचा मामला. यात डोसपेक्षा वेळ किंवा इन्सुलिनचा प्रकार बदलून जास्त फरक पडतो. उतरत गेली तर बेसल जास्त आहे. मध्येच 70 च्या खाली गेली तर तपासणी तिथेच थांबवून 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर द्यायची. एका रात्रीवर विसंबू नका, दोन-तीन रात्रींचं चित्र एकसारखं दिसलं की डॉक्टरांना दाखवून एका वेळी दहा टक्क्यांच्या आसपास बदल करा. "रात्री लो झाली (साखर फार खाली गेली) असेल म्हणून सकाळी उसळली" हे निदान आपल्याकडे फार सढळ हाताने केलं जातं. तीन वाजताचा आकडा हातात नसताना त्यावर डोस ठरवू नये.

आता उपवास. नवरात्र असो, एकादशी असो, की उलट्या होऊन पोटात काही ठरत नसो, "खाल्लं नाही तर इन्सुलिन कशाला" म्हणून बेसल बंद करणं जिवावर बेततं. इन्सुलिन नसलं की लिव्हर साखर तर सोडतंच, वर चरबीपासून कीटोन, म्हणजे रक्त आम्लधर्मी करणारे पदार्थ, तयार करायला लागतं. काही तासांत उलट्या, पोटदुखी, धापा. जेवणाचं इन्सुलिन खाण्याप्रमाणे कमी करा, पण बेसल चालूच राहिलं पाहिजे. साखर 250 च्या वर आणि लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसले तर थेट दवाखाना गाठा. साबुदाण्याच्या खिचडीला मात्र जेवणाचं इन्सुलिन पूर्ण लागतं, तिला उपवास म्हणणं धर्मापुरतं.

तालमीतली पोरं बुचकळ्यात पडतात ती वेगळ्याच कारणाने. रंकाळ्याभोवती तासभर चाललं की साखर उतरते, पण जोरदार लढतीनंतर ती 60-80 ने चढलेली असते. अ‍ॅड्रेनलिनने लिव्हरला साठा सोडायला लावलेला असतो. ही वाढ तासा-दोन तासांत बरीचशी आपणहून उतरते. तिच्यावर पूर्ण डोस टोचला तर पुढे हमखास लो. आणि रात्री लिव्हर-स्नायू रिकामा साठा भरून घेतात, तेव्हा एक ते चारच्या दरम्यान पुन्हा पडण्याचा धोका. संध्याकाळच्या दमदार मेहनतीनंतर झोपताना मोजणं आणि त्या रात्रीचं बेसल 20 टक्क्यांपर्यंत कमी करायचं का, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवणं चांगलं.

रविवारचा तांबडा-पांढरा पचायला वेळ घेतो. मटणातल्या प्रथिनांपासूनही लिव्हर साखर बनवतं, शिवाय चरबीमुळे इन्सुलिनचा जोर मंदावतो. म्हणून दोन तासांनी 140 बघून खूश झालेल्याला पाच तासांनी 240 दिसतात आणि दोष जातो बिचाऱ्या भाताला.

दारूचं मात्र उलट आहे. ती पचवताना लिव्हरचं नवी साखर बनवणं थांबतं, आणि लो येते ती रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. अशा वेळी लो झाल्यावर द्यायचं ग्लुकागॉनचं इंजेक्शनही नीट चालत नाही, कारण सोडायला साठाच उरलेला नसतो. सोबतच्या माणसाला हे आधी सांगून ठेवावं; नाहीतर लो झालेला माणूस "जास्त झाली याला" म्हणून तसाच झोपू दिला जातो.