बाजीराव मोठे की रघुजी? तुम्ही विचारलंत म्हणून

नागपुरात मराठेशाहीचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेलाच: पहिले बाजीराव मोठे, की आपले पहिले रघुजी भोसले? ‘आपले’वर असा जोर असतो की लगेच हो न म्हणणारा परका ठरतो. तर एकदाचं सांगून टाकतो.

डावपेचांत बाजीराव मोठे. 1728 मध्ये निजाम पुण्याकडे सरकला, तरी ते पुणं वाचवायला धावले नाहीत. जालना लुटलं, गुजरातेकडे वळले, बुऱ्हाणपूरची हूल दिली. पाठलागाच्या घाईत निजामाने जड तोफा मागे टाकल्या आणि पालखेडला पाण्यावाचून कोंडला गेला. कर्नाटकातली दामलचेरीची लढाई धरूनही रघुजींच्या नावावर असा डाव नाही.

पण तेवढ्यावरच सेनापती मोजायचा असेल, तर बंगालमधल्या मानकरा या गावी जे घडलं त्याचं काय करायचं?

भास्करराम कोल्हटकर हे रघुजींचे बंगालमधले मुख्य सरदार. 1742 च्या पावसाळ्यात त्यांची छावणी कटव्याला होती. ऐन दुर्गापूजेत बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने होड्यांच्या पुलावरून फौज उतरवून रात्री छापा घातला आणि त्यांना हटावं लागलं. 1744 मध्ये भास्करपंत पुन्हा गेले. चौथाईची बोलणी करू म्हणून खानाने 31 मार्चला मानकरा इथल्या डेऱ्यात बोलावलं. मारेकरी आधीच दडवून ठेवले होते. पंत आणि सोबतचे वीसेक सरदार तिथेच कापले गेले. छावणी सांभाळायला मागे राहिलेले रघुजी गायकवाड तेवढे वाचले आणि उरलेली फौज त्यांनीच बाहेर काढली.

एवढे सरदार एका दिवसात गेल्यावर मोहीम संपायला हवी होती. पुढच्याच वर्षी रघुजी स्वतः उतरले. खानाशी झालेल्या 1751 च्या तहात सालिना बारा लाख चौथाई आणि ओडिशाचा महसूल पदरात पडला. ओडिशा 1803 पर्यंत भोसल्यांकडे राहिला. मी रघुजींची बाजू घेतो ती या चिकाटीसाठी.

मात्र बंगालची गावं जाळली, लुटली गेली, तेही त्यांच्याच खात्यावर लागतं. तिथल्या अंगाईत अजून बर्गी, म्हणजे मराठे स्वार, येतात. वारसा मोजताना ती अंगाई वगळून चालणार नाही.

आणि मानकरा इथल्या घाताचा दोष कोणाचा? इतके सरदार एकाच डेऱ्यात नेणाऱ्या पंतांचा, हे उघड. पण त्याआधी 1743 मध्ये नानासाहेब पेशवे रघुजींच्या विरोधात, खानाच्या बाजूने बंगालात उतरले होते. त्या ओढाताणीत पंतांना तहाची घाई झाली असेल का? एखाद्या दिवशी मला तसं वाटतं, एखाद्या दिवशी ही रघुजींसाठी शोधलेली पळवाट वाटते.