उभ्या गाड्यांचे कारागीर : डिचोली ते मांद्रे, आमची वाटचाल

आमचं मूळ गॅरेज गोव्यातल्या डिचोलीचं. वडील ऑटो इलेक्ट्रिशियन. खाणीवरच्या टिपरांचे सेल्फ, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र), वायरिंग हेच रोजचं काम. खनिजाची वाहतूक जोरात असली की वडिलांचं रात्रीचं जेवणही डब्यातून गॅरेजात जायचं. सप्टेंबर २०१२मध्ये खाणी थांबल्या. मध्यंतरी थोड्या सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८मध्ये पुन्हा बंद पडल्या. रस्त्याकडेला, माडांखाली, घरांच्या अंगणात टिपर रांगेने उभे राहिले. मालकांकडे बँकेच्या हप्त्याला पैसे नव्हते, दुरुस्तीला कुठून येणार? तरी वडील ओळखीच्या गाड्या फिरून बघायचे आणि मला बरोबर न्यायचे. ब्रेक ड्रमला धरलेले, टाकीच्या तळाला पाणी, उंदरांनी कुरतडलेलं वायरिंगचं हार्नेस, बॅटरीच्या प्लेटांवर पांढरा थर. चालून झिजलेली गाडी मला ठाऊक होती. उभी राहून गाडीचं काय होतं, ते मी त्या वर्षांत शिकलो. आज मोटारहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्या, सांभाळण्याचा आणि दुरुस्त करण्याचा आमचा धंदा उभा आहे तो त्याच शिकवणीवर.

मांद्र्याला आलो ते मावसभावामुळे. त्याच्या जागेत हिवाळाभर परदेशी मोटारहोम थांबायच्या. एका जर्मन जोडप्याची जुनी मर्सिडीज ५०८ चालू होईना, म्हणून त्याने वडिलांना बोलावलं. टाटांनी १९५४ ते १९६९ या काळात डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बनवले होते, त्या घराण्याच्या इंजिनांवर वडिलांचा हात बसलेला. संध्याकाळपर्यंत गाडी सुरू झाली आणि आठवडाभरात हरमलहून, आश्व्याहून माणसं विचारत आली. पुढे शेड घेतली, कर्ज काढलं, भाच्याला हाताशी घेतलं. त्या तपशिलात फार शिरत नाही.

सुरुवातीला आमची सगळी कामं एकाच हाकेची असत : ‘पात्रांव, गाडी चालू जायना!’ जाऊन बघावं तर बहुतेक वेळा बॅटरी बसलेली. मोटारहोममध्ये बॅटऱ्यांची दोन घरं असतात. एक इंजिनाची, दुसरी आत राहण्याची : दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप. मालक आतल्या बॅटरीकडे डोळ्यांत तेल घालून बघतो, इंजिनाच्या बॅटरीकडे कुणीच बघत नाही. अलार्म, ट्रॅकर, स्टिरिओची मेमरी मिळून ५० मिलिअँपिअर ओढत असतील, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. १०० अँपिअर-अवरची बॅटरी दीड महिन्याच्या आतच अर्ध्यावर येते, आणि गोव्याच्या उकाड्यात ती आपसूक उतरते ते वेगळंच. लेड-अ‍ॅसिड बॅटरी विश्रांतीत १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ला अर्धी. त्याखाली आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही चार्ज केलं तरी पूर्वीची ताकद येत नाही. म्हणून आम्ही इंजिनाच्या बॅटरीलाही सोलरमधून बारीक चार्जिंग देतो. नाहीतर सरळ बॅटरीच्या अर्थच्या वायरची लग सोडून ठेवतो.

लिथियम बॅटऱ्या आल्या आणि कामाचा पोत बदलला. लिथियम फॉस्फेट बॅटरी नुसत्या रिलेवरून अल्टरनेटरला जोडली तर ती मिळेल तेवढा करंट ओढते. गाडी जागेवर घुरघुरत असताना अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो, त्यामुळे वाइंडिंग तापून जळतं. नव्या बीएस-६ गाड्यांचे अल्टरनेटर तर व्होल्टेज स्वतःच कमी-जास्त करतात. तिथे मध्ये करंट आणि व्होल्टेज आवरून धरणारा डीसी-डीसी चार्जर हवाच, यावर मी कुणाशी तडजोड करत नाही. ग्राहक खर्चाकडे बोट दाखवतो तेव्हा मी अल्टरनेटरमधला जळलेला स्टेटर हातात देतो. दर पावसाळ्यात लिथियम बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका असंही सांगतो. अर्ध्याच्या थोडी वर ठेवून सगळे लोड तोडायचे.

पावसाळा हाच आमचा खरा हंगाम. परदेशी गाड्या कार्नेटवर, म्हणजे गाडी तात्पुरती देशात आणण्याच्या कस्टमच्या कागदावर, येतात आणि मुदतीत परत जातात. पावसात इथे राहतात त्या मुंबई-पुण्याच्या, बंगळूरच्या, बहुतेक फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेल्या. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा. मालक फोनवर सांगतात, ‘दादा, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करून ठेवा.’ मी ते करत नाही, आणि का करत नाही ते प्रत्येकाला नीट सांगतो. डिझेल इंजिन जागेवर दहा मिनिटं चालवलं तर तेल तापत नाही. जळणातून निघालेली वाफ इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातच थंड होते आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधावरच्या सायीसारखा थर धरतो. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत काजळीही साठत जाते. म्हणून पाऊस उघडला की आम्ही गाडी रस्त्यावर काढतो. हायवे ६६ने पत्रादेवीपर्यंत जाऊन परत, तेल पुरतं तापेल इतकी. त्यात ब्रेक मोकळे होतात, टायरचा टेकलेला भाग बदलतो आणि एसीचा कॉम्प्रेसरही फिरतो.

डिझेलची टाकी जूनआधी काठोकाठ. रिकाम्या जागेत दमट हवा, हवेतून पाणी, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशी. फिल्टरमधून काळा चिकट गाळ निघाला की ओळखायचं. डीईएफचंही (डिझेलचा धूर स्वच्छ करायला वापरतात त्या युरियाच्या द्रावणाचं) आयुष्य मोजूनच असतं : ३० अंशांत साठवलं तर साधारण वर्षभर, ३५ अंशांत सहा महिने. एप्रिल-मे इथे गेला असेल तर आम्ही भरवशावर राहत नाही.

बाहेरच्या वीजजोडणीबद्दल मात्र मला काळजी वाटते, कारण तिथे माणसाचा जीव आहे. गावातल्या लाइनच्या टोकाला संध्याकाळी व्होल्टेज पडतं. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थिंग कमकुवत होतं. ओल्या अंगाने गाडीच्या पत्र्याला हात लावणारा माणूस म्हणजे बहुतेक वेळा घरातलं लहान मूल. आमच्या प्रत्येक जागेला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा स्विच) आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून पाणी घालतो आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की सगळ्या केबली काढतो. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघण्याचं काम सौ.कडे आहे आणि तिच्या वहीत ते तारखेसह लिहिलेलं असतं. ती वही ग्राहकाने मागितली तर लगेच दाखवतो.

गाडी माडाखाली उभी करू देत नाही. नारळ पडून छतावरचा सोलर पॅनल फुटतो आणि झावळीची सावली एका पॅनलवर पडली तरी सिरीजमधल्या सगळ्यांचा करंट उतरतो.

वडील आता रोज येत नाहीत, पण चवथ (गणेशचतुर्थी) झाली की येतात. मालक यायच्या आधी प्रत्येक गाडीचा सेल्फ त्यांना कानाने ऐकायचा असतो. या वर्षी शेड पूर्वेकडे वाढवतोय, आणखी काही गाड्यांची सोय होईल. ज्यांना पुढचा पावसाळा गाडी इथे ठेवायची आहे त्यांनी मेअखेर आणावी आणि बॉडी बांधणाऱ्याकडून वायरिंगचा नकाशा मागून घ्यावा. तो मिळत नसेल तर गाडीबरोबर एक दिवस थांबावं. आम्ही समोर बसून काढून देतो.