दिसतंय की आम्हाला

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला मेथी निवडायला पुढच्या पायरीवर बसले होते. आमच्या न्यू जर्सीत मेथी मिळते, पण जुडी रबरबँडांनी अशी आवळलेली असते की अर्धा वेळ ती सोडवण्यातच जातो. शेजारच्या गॅरेजचं दार वर होतं. आत जुना फ्रिज, फ्रिजवर टीव्ही, समोर घडीची खुर्ची आणि खुर्चीत शेजारचे आजोबा. मेट्सची, म्हणजे न्यूयॉर्कच्या एका बेसबॉल टीमची मॅच. एप्रिल ते सप्टेंबर हे चित्र आमच्या गल्लीत गृहीतच असतं, त्यामुळे माझं लक्ष मेथीतच होतं. सहज मान वर केली तर बॅटर नुसता उभा होता, पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, पायसुद्धा उचलला नव्हता, आणि आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला. मग चेंडू आला, बॅट फिरली, चेंडू उंच उडाला आणि लेफ्ट फील्डरने दोन पावलं मागे जाऊन आरामात झेलला.

मी काडी हातात धरून बघत राहिले. पुढच्या वेळीही तेच. आजोबांनी टाळी वाजवली आणि टाळीचं कारण पडद्यावर नंतर घडलं.

शेवटी न राहवून गेलेच विचारायला. टीव्ही मुका करून ठेवलेला आणि फळीवर, ड्रिल मशीन आणि रंगाच्या डब्यांच्या मध्ये, रेडिओ चालू. रेडिओ काही सेकंद पुढे, चित्र मागे. "असं चालतं तुम्हाला?" म्हटलं. म्हणाले, "आधी कळलं की कमी लागतं." इतकी वर्षं मेट्सच्या मागे घालवलेल्या माणसाला हे म्हणायचा हक्क आहे.

मुका का केला, तर आजची मॅच देशभराच्या चॅनेलवर होती. एरवी मेट्सच्या स्वतःच्या चॅनेलवर गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग हे त्रिकूट असतं, २००६ पासून. त्यांतले दोघे तर १९८६ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत, जिंकलेल्या मेट्सचेच खेळाडू. ते तिघं घरची माणसं. कीथ मध्येच मांजराबद्दल बोलतो, पिचर लांबण लावायला लागला की माइकमध्ये ऐकू येईल असा उसासा टाकतो, आणि आजोबांना ते सगळं गोड लागतं. आजचे दोघे मात्र पाहुणे. आले, जेवले आणि आमच्या घरात कुठे ओल आहे ते आम्हालाच सांगायला लागले. ते यांकीजचे, म्हणजे न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमचे, हस्तक आहेत अशी आजोबांची खात्री आहे. पुराव्याची गरज त्यांना वाटत नाही.

कोपऱ्यावरच्या घरात यांकीजवाले राहतात. त्यांची खात्री बरोबर उलटी.

जो बक नावाच्या गृहस्थाने वर्षानुवर्षं फॉक्सवर वर्ल्ड सिरीजची कॉमेंट्री केली. मी या देशात आल्यापासून ज्या ज्या गावचा माणूस भेटला, त्या प्रत्येकाने मला बकचा त्याच्या गावावर किती राग आहे हे पटवून दिलं. एका माणसात एवढा राग मावणार कुठे? त्याचे वडील जॅक बक सेंट लुईस कार्डिनल्सचा आवाज होते, म्हणून तो कार्डिनल्सकडे झुकतो म्हणावं, तर सेंट लुईसचे लोक म्हणायचे, मुद्दाम आमच्या विरुद्ध बोलतो, पक्षपाती वाटू नये म्हणून. वराकडच्यांनी म्हणायचं वाढपी वधूकडच्यांनाच आग्रह करतात आणि वधूकडच्यांनीही तेच म्हणायचं, आणि वाढप्याने मठ्ठ्याची बादली घेऊन सगळ्या पंगतींतून फिरायचं.

आमच्या बाबांचं वैर पक्षपातावरून नव्हतं. त्यांना कॉमेंटेटर हा प्राणीच अनावश्यक वाटायचा. कोथरूडला घरी टीव्ही आल्यापासून त्यांचं एकच वाक्य: "दिसतंय की आम्हाला! आम्ही काय आंधळे आहोत?" चौकार गेला, वरून कोणी 'चौकार' म्हणालं, की बाबा टीव्हीला म्हणणार, "हो का? बरं झालं सांगितलंस." शेवटी उठून आवाज बंद करायचे. मग स्वयंपाकघरातून आई, "अहो, आवाज बंद केलात तर मला कळणार कसं कोण आऊट झालं ते?" बाबा आवाज पुन्हा चालू करायचे, पण पाच मिनिटंच.

त्याच्याही आधी, साताऱ्याला आप्पांकडे, ऐकणं हाच खेळ होता. आप्पांचा ट्रान्झिस्टर भोकाभोकांच्या चामडी कव्हरात असायचा आणि सेल थकले की आई जशी सांडगे वाळत घालायची तसे आप्पा सेल अंगणात उन्हात घालायचे. सेल खरंच थोडा वेळ तरतरीत व्हायचे, आणि तो थोडा वेळ नेमका चहापानाच्या सुट्टीत संपायचा. पुणे केंद्रावर बाळ ज. पंडित मराठीतून धावतं वर्णन करायचे. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, त्यामुळे आप्पा त्यांचं ऐकायचे. नाहीतर आप्पांनी कोणाचं ऐकलेलं मला आठवत नाही. मला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. चेंडू कव्हरमधून सीमापार गेला, असं कानावर पडलं की मी त्या चामडी कव्हराच्या भोकांकडे बघायचे. एवढ्याशा भोकातून गेला म्हणजे चेंडू केवढा असेल, हा प्रश्न मला बरीच वर्षं होता. कोणाला विचारला नाही. आप्पांनी ऐकू येत नाही म्हणून हाकलून दिलं असतं.

म्हणूनच बहुधा बेसबॉलचा कॉमेंटेटर विन स्कली मला एकदम आपला वाटला. सात-आठ वर्षांचा असताना न्यूयॉर्कमध्ये हा मुलगा घरातल्या चार पायांच्या मोठ्या रेडिओखाली सरपटत जाऊन बसायचा, हातात खारी बिस्किटं आणि दुधाचा ग्लास. वरून गर्दीचा आवाज शॉवरसारखा अंगावर यायचा. त्याला खेळापेक्षा ती गर्जनाच आवडायची. पुढे १९५० ते २०१६, सदुसष्ट सीझन, त्याने डॉजर्स या टीमची कॉमेंट्री केली, आधी ब्रुकलिनमध्ये आणि १९५८ला टीम लॉस एंजेलिसला गेली तेव्हा तिच्याबरोबर तिकडे. आणि एकट्याने. बूथमध्ये गप्पांना दुसरा माणूस नको. मी दुसऱ्याशी नाही, ऐकणाऱ्याशी बोलतोय, असं त्याचं धोरण. (आपल्याकडे क्रिकेटचे कॉमेंटेटर बॉबी तल्यारखानही असेच. माइक वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी माइकच सोडला.)

लॉस एंजेलिसमधली सुरुवातीची वर्षं मला सगळ्यात आवडतात. डॉजर्सना स्वतःचं मैदान नव्हतं, म्हणून मॅचेस कोलिझियममध्ये व्हायच्या. ते बांधलेलं शर्यतींसाठी आणि फुटबॉलसाठी, बेसबॉल त्यात कसाबसा कोंबलेला. लांबच्या खुर्च्यांवरून खेळाडू म्हणजे मुंग्या. मग लोक तिकीट काढून आत यायचे आणि येताना ट्रान्झिस्टर आणायचे. डोळ्यांसमोर खेळ चालू आणि काय चाललंय ते स्कलीकडून ऐकायचं. १९६०मध्ये त्याने एकदा हवेतच सांगितलं, आज अंपायरचा वाढदिवस आहे, मी एक-दोन-तीन म्हणतो, सगळ्यांनी मिळून शुभेच्छा द्या. अख्खं मैदान ओरडलं. तो अंपायर दचकलाच असणार.

बाबा तिथे असते तर हजारो लोकांना म्हणाले असते, दिसतंय की!

पण याच स्कलीला गप्प बसायचंही कळायचं. १९७४च्या एप्रिलमध्ये अटलांटात हँक एरनने ७१५वा होमरन मारला, बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हा स्कली चेंडू पार गेल्याचं सांगून थांबला आणि गर्दीला बोलू दिलं. बरंच बोलू दिलं. मग परत येऊन म्हणाला, की दक्षिणेतल्या मैदानात लोक एका काळ्या माणसासाठी उभं राहून टाळ्या वाजवताहेत. हे दिसत होतंच. पण सांगायला हवं होतं.

थोर माणसांचं झालं. मला व्यक्तिशः फिल रिझुटोची जात जास्त जवळची. यांकीजचा जुना शॉर्टस्टॉप, १९५०चा त्याच्या लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, आणि नंतर चाळीसेक वर्षं कॉमेंट्रीत. हा मॅच चालू असताना लोकांचे वाढदिवस सांगायचा, कोणी पाठवलेल्या मिठाईचं कौतुक करायचा. स्कोअरबुकात याने स्वतःची एक खूण केली होती, डब्ल्यू डब्ल्यू. म्हणजे 'वॉझन्ट वॉचिंग'. बघत नव्हतो! राहायला आमच्याच न्यू जर्सीत, त्यामुळे मॅच संपायच्या आधीच जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजवरची गर्दी टाळायला निघून जायचा. हे सगळं तो लपवायचा नाही, उलट माइकवरून सांगायचा. त्या ब्रिजवर मी आयुष्यातले जे तास घालवलेत ते पाहता, माझ्या दृष्टीने या माणसाने केलेली ती सर्वात अचूक कॉमेंट्री.

आणि न बघता सांगायचंच म्हटलं तर रोनाल्ड रेगन. १९३०च्या दशकात आयोवातल्या डे मॉइनच्या रेडिओ स्टेशनवर बसून हे शिकागो कब्जच्या मॅचेसचं धावतं वर्णन करायचे. मैदान शेकडो मैल लांब. तारेने तुटक मजकूर यायचा आणि त्याची मॅच यांनी करायची. एकदा तार तुटली. आता? बेसबॉलमध्ये दोन स्ट्राइक झाल्यावर फाऊल कितीही झाले तरी बॅटर तिथेच राहतो, हा नियम त्यांच्या कामी आला. तार पुन्हा जोडली जाईपर्यंत, सहा-सात मिनिटं, ते बॅटरला फाऊलवर फाऊल मारायला लावत राहिले. पुढे हे देशाचे अध्यक्ष झाले याचं लोकांना आश्चर्य वाटलं, मला वाटत नाही.

गॅरेजमधल्या आजोबांची खरी तक्रार शेवटी वेगळीच निघाली. २०२३ला पिच क्लॉक आलं. बेसवर कोणी नसेल तर पिचरने पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचाच. मॅच पूर्वीपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी आटोपायला लागली, सगळे खूश. "पण गोष्ट पुरी होत नाही," आजोबा म्हणाले. पूर्वी पिचर टोपी काढायचा, घाम पुसायचा, कॅचरकडे बघून तीनदा मान हलवायचा, तेवढ्यात कॉमेंटेटर १९६९च्या मेट्सची एक हकीकत सांगून मोकळा व्हायचा. आता हकीकत सुरू होते, चेंडू येतो, हकीकत अडते, पुन्हा सुरू होते, इनिंग संपते, जाहिरात. "त्या माणसाचं पुढे काय झालं, ते राहूनच जातं."

मी म्हटलं, मीही मेथी अर्धी टाकून आलेय. उठले.

बाबांच्या डोळ्यांचा आजार तीन वर्षांपूर्वी सुरू झाला. पडद्याचा आहे. कडेचं दिसतं, मधलं नाही. मैदान दिसतं, झाडं दिसतात, स्टँडमधल्या छत्र्या दिसतात. चेंडूकडे बघायला गेलं की नेमका तिथेच डाग. आवाज आता कधीच बंद नसतो. भावाने आयपीएलची मराठी कॉमेंट्री लावून दिली, तेवढा एक सीझन बरा गेला. तरी तक्रार आहेच, पण बदललेली. "अगं, हे लोक सांगतच नाहीत काही! नुसते 'ओहोहो, काय मारलाय' म्हणतात. कुठे मारलाय ते कोण सांगणार? हा त्याच्या वेळच्या गमती सांगतो, तो हसतो, मध्ये एक विकेट जाते." मी म्हटलं, बाबा, त्यांना वाटतं सगळ्यांना दिसतंय. बाबा काही बोलले नाहीत.

तेव्हापासून टेस्ट असली की मी फोन लावते. तिकडे सकाळचे साडेनऊ, इकडे मध्यरात्र. बाबांचा टीव्ही चालू, माझा लॅपटॉप चालू, आणि फोनवर माझं धावतं वर्णन. पहिले काही दिवस माझीही 'ओहोहो' व्हायची, बाबा ओरडायचे. मग आप्पांच्या ट्रान्झिस्टरवरचं आठवेल तसं बोलायला लागले. डावखुरा आहे. स्लिपमध्ये तिघं. पॅव्हेलियनकडून टाकतोय. 'कव्हरमधून' म्हणताना अजून हसू येतं, बाबांना कारण सांगितलेलं नाही.

एकच अडचण आहे. माझं चित्र बाबांच्या टीव्हीपेक्षा अर्ध्या मिनिटाने मागे असतं. काही केलं तरी जुळत नाही.

परवा फोनमधून एकदम गर्जना आली. पाठोपाठ दोघं-तिघं एकमेकांवर ओरडताहेत.

"आऊट झाला वाटतं. कसा गं? कुठे उडाला?"

माझ्याकडे बोलर अजून रनअपच्या टोकाला, चेंडू पँटला पुसत उभा.

"थांबा बाबा."

"अगं थांबा काय? झालं की!"

"अहो, इथे अजून टाकलाच नाहीये त्याने."

बाबा थांबले. तिकडे रिप्ले चालू झाला असावा, कोणीतरी हसत होतं. बोलर वळला आणि धावायला लागला.

"हं," बाबा म्हणाले, "आता सांग."