पंख्यावरचं पीठ

"दादा, सीलिंगची चीर बुजवायला किती घ्याल?" ताईंनी फोनवर एवढंच विचारलं. मी म्हटलं, आधी बघतो, मग सांगतो.

पुण्यातल्या धायरीतली इमारत, तिसरा मजला, वन बीएचके. ताई घरून पोळी-भाजीचे डबे देतात. सकाळी अकराला गेलो तेव्हा ओट्यावर डबे भरायचं चाललं होतं. बेडरूम १० बाय १२ची. सहा वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला तेव्हाच जिप्समचं सीलिंग करून घेतलेलं. चीर पंख्यापासून निघाली होती, हातभर तिरकी आणि पुढे पट्टीने आखल्यासारखी सरळ खिडकीपर्यंत. दोनदा बुजवून झाली होती, एकदा रंगाऱ्याने वॉल पुट्टीने आणि एकदा पीओपीने. दोन्ही वेळा चार-पाच महिन्यांत परत वर आली. त्यानंतर दोघांनी येऊन सांगितलं, सगळं काढून नवीन करा, बावीस हजार लागतील. ताईंनी डब्यांच्या पैशांतून सहा हजार बाजूला काढले होते. त्याच्या वर एक रुपया नव्हता, हे त्यांनी दारातच सांगितलं.

सीलिंगला चीर दिसली की मी आधी पाणी शोधतो. पाण्याची चीर असेल तर कडेला चहा सांडल्यासारखा पिवळट डाग असतो, आणि अंगठ्याने दाबलं की बोर्ड मऊ लागतो. इथे बोर्ड कडक होता, डाग नव्हता, आणि वरच्या घरातही या जागी बेडरूमच होती. म्हणजे पाणी नाही. मग काहीतरी हलतंय. सरळ चीर दोन बोर्डांच्या जॉइंटवरून गेलेली, हे खालूनही कळत होतं. पण तिरकी चीर अशी आपोआप पडत नाही.

पंखा पाचवर लावायला सांगितला, घोड्यावर चढलो आणि पात्यांपासून लांब, भिंतीकडच्या बाजूला चिरेपाशी तळहात टेकवला. हाताला बारीक थरथर लागली. पंखा बंद करून पात्यावर बोट फिरवलं तर बोट पांढरं झालं. ताई खालून म्हणाल्या, "ते पीठ असतं हो. रोज ८०-९० पोळ्या होतात, घरभर उडतं. दर आठवड्याला पुसते." मी बोटावरची पूड चिमटीत घेतली. खरखरीत लागली. पाण्याचा थेंब टाकून चोळली. कणीक चिकट व्हायला हवी होती, ही तशीच सुटी राहिली. पीठ नव्हतं ते. सीलिंग झिजून खाली पडत होतं आणि ताई सहा वर्षं ते फडक्याने पुसत होत्या.

मेन स्विच बंद केला आणि पंख्याची वरची वाटी खाली सरकवली. बोर्डाला पाडलेलं भोक जेमतेम रॉडएवढं होतं. पंखा टांगलेला स्लॅबच्या हुकाला, त्यामुळे त्याचं वजन सीलिंगवर नव्हतं, ते बरोबर होतं. पण रॉड भोकाच्या एका कडेला घासत होता. कडेला काळी, गुळगुळीत झालेली चंद्रकोर पडली होती आणि तिच्याच टोकातून तिरकी चीर निघाली होती.

नुसतं तेवढंच असतं तर अर्ध्या तासात घरी गेलो असतो. पण बाजूच्या दिव्याच्या भोकातून मोबाइल आत घालून व्हिडिओ काढला आणि तो बघून मी पहिलं वाक्य बोललो ते, "ताई, पलंग इथून काढा. आत्ता."

जिप्सम सीलिंगचा सांगाडा असा असतो. स्लॅबला क्लीट, म्हणजे पत्र्याचा छोटा कोन, ठोकायची, तिला पट्टीने पत्र्याचा लांब इंटरमीडिएट चॅनल लटकवायचा, दर चार फुटांवर एक. त्याखाली पत्र्याचे आडवे सेक्शन, दर दीड फुटाला एक. त्याला बोर्ड, आणि बोर्डाला दर नऊ इंचांवर स्क्रू. १२.५ मिमीचा बोर्ड चौरस मीटरला साडेआठ-नऊ किलो भरतो. या खोलीच्या छताला शंभर किलोच्या आसपास वजन लटकत होतं. त्यातल्या एका चॅनलच्या चार क्लीटपैकी एक सुटून नुसती लोंबत होती आणि दुसरी अर्धी बाहेर आली होती. स्लॅबमध्ये लाकडी गिट्ट्या ठोकून त्यात स्क्रू मारले होते. लाकूड सुकलं, आकसलं, वर पंख्याची थरथर सहा वर्षं चालू. स्क्रू सुटणारच. खाली ताई आणि त्यांचा अकरावीतला मुलगा झोपत होते.

सगळं काढायची गरज मात्र नव्हती. बोर्ड कोरडे आणि धडधाकट, बाकीचे चॅनल पक्के. मी सांगितलं, साहित्य आणि मजुरी धरून सव्वापाच हजारांच्या आत बसवतो, पण काम एका दिवसात होणार नाही. खोली पाच दिवस मोकळी ठेवावी लागेल. ताई म्हणाल्या, "पाच काय, आठ दिवस हॉलमध्ये झोपू."

दुसऱ्या दिवशी मदतनिसाला घेऊन गेलो. आधी फळीचे दोन टेकू उभे केले, नुसते बोर्डाला टेकतील इतपत. मग सुटलेल्या क्लीटखाली दोन सेक्शनच्या मधला दीड बाय दोन फुटांचा तुकडा कापला, पातं उथळ धरून, कारण वर वायरी असतात. कापलेला तुकडा भिंतीला नीट उभा करून ठेवला, तोच परत लावायचा होता. नवीन बोर्ड आणला तर चार बाय सहाचा अख्खा घ्यावा लागतो, आणि उरलेला ताईंनी ठेवायचा कुठे?

स्लॅबला नवीन भोकं पाडून लोखंडी अँकर फास्टनर मारले, म्हणजे आवळले की भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट. सुटलेल्या दोन जागी तर मारलेच, पण हात पोचला तिथल्या धड दिसणाऱ्या दोन क्लीटनाही मारले. त्याच माणसाने ठोकलेल्या गिट्ट्यांवर माझा विश्वास नव्हता. मग भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणली. मधे ९ मिमीचा झोल निघाला. टेकूखाली पाचर सारून थोडं थोडं उचलत गेलो. इथे घाई केली तर धड बोर्डही तडकतो. दोरीला लागल्यावर पट्ट्या आवळल्या.

जॉइंट उकरला तेव्हा आत टेप नव्हताच. नुसतं पीओपी भरलेलं होतं, ते पात्याने खडूच्या कांड्यांसारखं सुटून आलं. पीओपी पंधरा-वीस मिनिटांत धरतं, म्हणून कारागिराला सोयीचं. मीही शिकत होतो तेव्हा असंच भरायचो, आम्हाला तसंच शिकवलं होतं. पण ते कडक आणि ठिसूळ. बोर्ड केसभर हलला की तुटतं. जॉइंटला कागदी टेप आणि जॉइंटिंग कंपाउंडच, म्हणजे जॉइंट भरायची खास लुकणच लागते, कारण ताण टेप घेतो, कंपाउंड फक्त त्याला धरून ठेवतं.

जॉइंटच्या दोन्ही बाजूंनी स्क्रू वाढवले, डोकं कागद न फाडता जेमतेम आत जाईल असे. कापलेल्या भोकाच्या कडांना दुसऱ्या साइटवरून उरलेले सेक्शनचे तुकडे जोडले आणि त्यावर तोच बोर्डाचा तुकडा बसवला. पंख्याचं भोक सगळीकडून बोटभर मोठं केलं, वाटीखाली झाकलं जाईल एवढंच.

कंपाउंड कालवताना ताई दारात उभ्या होत्या. किती घट्ट, म्हणून विचारलं. म्हटलं, चक्का नको, श्रीखंड हवं. त्यांना लगेच कळलं. आधी कंपाउंडचा पातळ थर, त्यावर टेप, मग पात्याने मधून बाहेर दाबत न्यायचा, आत हवेचा फुगा राहता कामा नये. फुगा राहिला तर तिथेच पापुद्रा सुटतो. त्यावर एकेक थर, पहिला सहा इंच रुंद, दुसरा नऊ, तिसरा फूटभर, म्हणजे उंचवटा नजरेला सापडत नाही.

प्रत्येक थर पूर्ण वाळायला हवा. जुलै महिना, हवेत ओल, एकेका थराला पुरा दिवस जात होता. यासाठी वेगळी मजुरी लावली असती तर सहा हजार तिथेच संपले असते. माझं दुसरं काम नऱ्ह्यात चालू होतं. संध्याकाळी घरी जाताना वाकडी वाट करून अर्धा तास यायचो, एक थर मारायचो आणि जायचो. कमी पैशात काम करायचं तर वेळ असाच जुळवून आणावा लागतो.

घासणं आणि रंग ताईंच्या मुलाने केला. त्याला चष्मा-मास्क दिला, पॉलिश पेपर गोल कसा फिरवायचा आणि टॉर्च तिरकी धरून उंचवटा कसा शोधायचा ते दाखवलं. प्रायमर आधी, कारण कंपाउंड रंग पितं. आणि रंग फक्त चिरेवर नाही, अख्ख्या सीलिंगला, नाहीतर पट्टा कायम दिसत राहतो. पोराने दोन हात छान मारले.

साहित्य १,९५० रुपये, आम्हा दोघांची मजुरी ३,२००. उरलेले ८५० ताई मलाच देत होत्या, मी घेतले नाहीत. डबा मात्र घेतला, वांग्याची भाजी होती.

दिवाळीच्या साफसफाईत त्यांचा फोन आला. "दादा, आज पंखा पुसला. फडक्याला नुसती काळी धूळ. पांढरं काही नाही." मी चिरेचं विचारलं. म्हणाल्या, कुठे होती तेच सापडत नाही.

हॉलचं सीलिंगही त्याच माणसाच्या हातचं आहे. तिथल्या दिव्याच्या भोकातून मोबाइल घालून बघितलंय, अजून काही सुटलेलं नाही, पण गिट्ट्या लाकडीच आहेत. मे महिन्यात मुलाला सुट्टी लागली की ते काम धरायचं ठरलंय.